लहान बेट, एक दिवस, एकट्याने आणि पायी: आखणी शेवटच्या बोटीपासून सुरू करा

बेटावर एकट्याने पायी फिरायला गेलेली माणसं फसतात ती बहुतेक वेळा वेळेच्या हिशोबात. सकाळची पहिली बोट किती वाजता, हे सगळ्यांना पाठ असतं. परतीची शेवटची बोट किती वाजता आणि ती नेमकी कुठून सुटते, हे मात्र उतरल्यावर विचारलं जातं. मग दुपारी तीनला बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला उभं राहून घड्याळ बघायची वेळ येते. जमिनीवरच्या सहलीत उशीर झाला तर माणूस उशिरा घरी पोचतो. बेटावर उशीर झाला तर त्या दिवशी पोचतच नाही.

म्हणून खालची आखणी उलटी आहे, शेवटच्या बोटीपासून मागे सकाळकडे येणारी. टप्प्यांचा क्रम बदलू नका. बूट आणि पिशवी पाचव्या टप्प्यात येतात, कारण कोणते बूट आणि किती पाणी हे आधीच्या चार टप्प्यांत ठरतं. हा सगळा हिशोब परीघ साधारण ६ ते १२ किलोमीटर असलेल्या बेटासाठी आहे. त्याहून मोठं बेट असेल तर एका दिवसात पूर्ण फेरीचा नाद सोडा आणि त्याचा एकच तुकडा निवडा.

## टप्पा १: परतीची बोट पक्की करा

चार प्रश्नांची उत्तरं जायच्या आदल्या दिवसापर्यंत हातात हवीत.

पहिला: तुम्ही जाणार त्या वारी शेवटची फेरी किती वाजता? रविवारचं, सुट्टीचं आणि मोसमाबाहेरचं वेळापत्रक वेगळं असू शकतं. इंटरनेटवर सापडलेलं वेळापत्रक कोणत्या साली टाकलंय ते बघा, आणि बोटवाल्यांना फोन करून एकदा खात्री करा.

दुसरा: ती कोणत्या धक्क्यावरून सुटते? सकाळी उतरलात तोच धक्का संध्याकाळी असेल असं धरून चालू नका. ओहोटीला धक्क्यापाशी पाणी उथळ होतं आणि काही ठिकाणी बोट दुसऱ्याच जागी लागते.

तिसरा: बोट भरली तर पुढे काय? परतीचं तिकीट काढलेलं असणं आणि त्या फेरीत जागा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गर्दीच्या दिवशी शेवटच्या फेरीला सगळं बेट एकदम धक्क्यावर येतं.

चौथा: वारा वाढला तर फेरी रद्द करायचं कोण ठरवतं आणि ते कळतं कसं? उन्हाच्या दिवशी जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, वरची हवा चढते आणि समुद्राकडून वारा आत येऊ लागतो. हा वारा दुपारी जोर धरतो. सकाळी आरशासारखा असलेला पट्टा तीन-चार वाजता खवळलेला दिसतो तो यामुळे. छोट्या होड्यांच्या शेवटच्या फेऱ्या अशा दिवशी लवकर सुटतात किंवा सुटतच नाहीत.

या चारही उत्तरांवरून एक नियम निघतो: शेवटची बोट राखीव धरायची, आपली बोट तिच्या आधीची. परतीची एकच फेरी असेल तर सुटायच्या एक तास आधी धक्क्यावर हजर राहायचं. तास फुकट गेला असं वाटतं, वाटू द्या.

तपासा: परतीच्या दोन फेऱ्यांच्या वेळा, धक्क्याचं नाव आणि बोटवाल्यांचा फोन नंबर कागदावर लिहिलाय का? फोनमध्ये आहे, हे उत्तर चालणार नाही.

## टप्पा २: भरती-ओहोटी बघून दिवस निवडा

ज्यांचं चुकतं त्यांचं बहुतेक वेळा इथेच चुकतं, त्यामुळे या टप्प्याला वेळ द्या.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी. म्हणजे सगळं चक्र रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकतं. याचा व्यवहारातला अर्थ नीट लक्षात घ्या: मागच्या रविवारी दुपारी बाराला पूर्ण ओहोटी होती, तर या रविवारी बाराच्या सुमारास भरती असणार. "आम्ही मागच्या आठवड्यात कड्याखालून चालत गेलो, काही अडचण नाही" असं मित्र सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पण त्याच वेळी, त्याच जागी, तुमच्या कमरेपर्यंत पाणी असू शकतं.

अमावास्या आणि पौर्णिमा झाल्यावर एक-दोन दिवसांत उधाण येतं: भरती जास्त चढते, ओहोटीही जास्त मागे जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, चढउतार कमी. किनाऱ्याकिनाऱ्याने चालायचं असेल तर दोन्हीचे फायदे-तोटे आहेत. उधाणाच्या ओहोटीत एरवी बुडालेली वाट उघडी पडते, पण तीच वाट तितक्याच वेगाने बंद होते. एकट्याने पहिल्यांदाच जाणाऱ्याने माझ्या मते भांगाचे दिवस निवडावेत. थोडं कमी बघायला मिळेल, पण समुद्र हिशोबाबाहेर जाणार नाही.

आणखी एक सोयीची गोष्ट: दिवसाला दोन भरत्या असलेल्या किनाऱ्यावर उधाणाची ओहोटी घड्याळात दर वेळी जवळपास त्याच सुमारास पडते. एका अमावास्येला ती दुपारी एकच्या आसपास असेल, तर पुढच्या पौर्णिमेलाही एकच्या आसपासच असते. एकदा ही वेळ कळली की महिनाभर आधी कॅलेंडर बघून दिवस ठरवता येतो.

भरतीचा तक्ता वाचताना तीन ठिकाणी लोक घसरतात.

तक्ता कोणत्या बंदराचा आहे? शेजारच्या बंदराचा तक्ता बेटाला जसाच्या तसा लागू होत नाही. खाडीच्या आत-बाहेर वेळेत बराच फरक पडतो. तक्त्यातली वेळ कोणती? ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात तिथे काही तक्ते हा बदल धरत नाहीत. आणि उंची किती? नुसती ओहोटीची वेळ बघून उपयोग नाही. ओहोटीला पाणी ०.३ मीटरवर जातं की १.४ मीटरवर थांबतं, यावर वाट उघडणार की नाही हे ठरतं. वर हवेचा दाबही असतोच. तो १ हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण १ सेंटिमीटर चढतं, म्हणजे वादळी हवेत तक्त्यापेक्षा पाणी वर असतं.

आता वेग. भरती सहा तासांत सारख्या गतीने चढत नाही. नावाड्यांचा जुना ठोकताळा असा: एकूण चढाचे बारा भाग करा; पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. चढ ३.६ मीटर असेल तर पहिल्या तासात ३० सेंटिमीटर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ९० सेंटिमीटर. सपाट पुळणीवर दर ५० मीटरला १ मीटर असा उतार असेल तर त्या एका तासात पाण्याची कड ४५ मीटर आत येते. ओहोटीनंतरचा पहिला तास "पाणी तर हलतही नाही" असं वाटायला लावतो. फसवणूक तिथेच होते.

सगळीकडे हे एकसारखं नसतं. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी चढउतार काही इंचांचा, तर कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात तो १६ मीटरपर्यंत जातो. काही किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती येते. त्या त्या जागेचा तक्ता हाच आधार.

इशारा: ओहोटीत जोडल्या जाणाऱ्या छोट्या खडकांकडे किंवा दुसऱ्या बेटाकडे वाळूच्या पट्ट्यावरून जाताना पाणी पुढून येईल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात सखल घळी आधी भरतात, आणि त्या बहुधा तुमच्या पाठीमागे असतात. इंग्लंडमधल्या लिंडिसफार्न बेटाला जाणारा रस्ता रोज दोनदा पाण्याखाली जातो. सुरक्षित वेळांचे फलक लावलेले आहेत, तरी तिथे गाड्या अडकतात. पायी माणसाने असा पट्टा ओलांडायचा तो पाणी उतरत असतानाच, आणि पूर्ण ओहोटीच्या क्षणी परतीला लागायचं.

तपासा: बेटावर कोणता तुकडा फक्त ओहोटीतच पार होतो? त्या तुकड्यासाठी तुमची खिडकी म्हणजे पूर्ण ओहोटीच्या आधीचे दोन तास. नंतरचा वेळ हिशोबात धरू नका.

## टप्पा ३: नकाशा मोजा आणि दिवस उलटा मांडा

ॲपमध्ये बेटाभोवती आठ-दहा ठिकाणी बोट टेकवून परीघ मोजला की आकडा नेहमी कमी येतो. किनारा जितक्या बारीक तुकड्यांनी मोजाल तितका तो लांबत जातो, आणि तुमचे पाय सगळ्यात बारीक तुकड्यांनी मोजतात. मोजलेल्या आकड्याला १.३ ने गुणा. किनारा फार दातेरी असेल तर १.५ ने.

वेग धरताना घराजवळच्या रस्त्यावरचा वेग विसरा. पक्क्या पायवाटेवर ताशी ४ किलोमीटर ठीक. मऊ वाळूत त्याच वेगाने चालायला कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते, त्यामुळे वेग आपोआप पडतो. दगडगोट्यांवर ताशी दीड-दोन किलोमीटरही पुष्कळ. मिश्र वाटेसाठी सरासरी ३ धरा. चढणीसाठी स्कॉटलंडचा गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ याने १८९२ मध्ये मांडलेला हिशोब अजून चालतो: दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा, म्हणजे १५० मीटरला पाव तास.

आता मांडणी. समजा शेवटची बोट ५:३०, तिच्या आधीची ४:३०, सकाळी तुम्ही ९:३० ला उतरणार आणि पूर्ण ओहोटी १२:४० ला.

आपली बोट ४:३०, म्हणून धक्क्यावर ४:०० ला. मोजलेला परीघ ८ किलोमीटर, गुणून साधारण १०.५. ताशी ३ ने साडेतीन तास. चढाई १५० मीटर, १५ मिनिटं. दर तासाला १० मिनिटं थांबणं, ३५ मिनिटं. जेवण अर्धा तास. बघण्यासाठी, फोटोंसाठी, नुसतं बसण्यासाठी ४५ मिनिटं. एकूण ५ तास ३५ मिनिटं. चारमधून वजा केले की निघायची शेवटची वेळ मिळते: १०:२५. तुम्ही ९:४५ ला निघू शकता, तेव्हा हाताशी ४० मिनिटं शिल्लक. ही शिल्लक खर्चायची नाही. ती मुरगळलेल्या पायासाठी आहे.

शिल्लक ३० मिनिटांच्या खाली आली तर फेरी छोटी करा. झपझप चालून भरून काढू, हे उत्तर एकट्या माणसाने देऊ नये, कारण घाईतच पाय घसरतो.

दिशा शेवटी ठरते, आणि ती भरतीवरून ठरते. वरच्या उदाहरणात ओहोटीचा तुकडा धक्क्यापासून एका बाजूने ३ ते ४.५ किलोमीटरवर असेल, तर त्या बाजूने निघून तुम्ही अकराच्या सुमारास तिथे पोचता आणि बाराच्या आत पार होता. खिडकीत बसलं. उलट दिशेने गेलात तर तोच तुकडा दुपारी एक-दीडनंतर, चढत्या पाण्यात येतो. दोन्ही दिशा चालत असतील तर अवघड भाग सकाळी येईल अशी दिशा घ्या. प्रदक्षिणेच्या दिशेने गेलात तर समुद्र सतत डाव्या हाताला राहतो, उलट गेलात तर उजव्या. एवढं डोक्यात ठेवलं तरी झाडीत शिरल्यावर गोंधळ होत नाही.

तपासा: बेट मधून कापणाऱ्या किमान दोन वाटा नकाशावर खुणा करून ठेवल्यात का? फेरी अर्धवट सोडायची वेळ आली तर याच तुमच्या वाटा. नकाशा इंटरनेटशिवाय उघडतो का, हे घरीच फोन फ्लाइट मोडवर टाकून बघा. फोनचं जीपीएस नेटवर्कशिवाय चालतं, पण नकाशा आधी उतरवलेला नसेल तर कोऱ्या पडद्यावर एक निळा ठिपका तेवढा दिसतो.

## टप्पा ४: काठावरचा माणूस ठरवा

एकट्याने जाणं म्हणजे कोणालाही न सांगता जाणं नव्हे. मुख्य भूमीवर एक माणूस असा हवा, ज्याच्याकडे तुमचा दिवस लिहून दिलेला आहे. "बेटावर चाललोय, संध्याकाळी येतो" हा निरोप कुचकामी आहे. निरोपात पाच गोष्टी हव्यात: बेट आणि धक्का, फिरण्याची दिशा, कोणत्या बोटीने परत, काय रंगाचे कपडे, आणि अमुक वाजेपर्यंत माझा निरोप आला नाही तर अमुक नंबरवर फोन कर.

शेवटची गोष्ट सोडून बाकी सगळं लोक सांगतात. ती वेळ आणि तो नंबर नसेल तर समोरचा माणूस रात्री अकरापर्यंत "येईलच आता" म्हणत बसतो. नंबर त्या भागातल्या तटरक्षक दलाचा किंवा आपत्कालीन सेवेचा असू दे. भारतासह अनेक देशांत ११२ चालतो. वेळ शेवटच्या बोटीच्या पोचण्यानंतर साधारण तासाभराची ठेवा, म्हणजे नेटवर्क नसल्यामुळे उगाच धावपळ होणार नाही.

लाइव्ह लोकेशनवर विसंबू नका. नेटवर्क गेलं की समोरच्याला तुमची जुनीच जागा दिसत राहते, आणि जुनी माहिती कधीकधी काहीच माहिती नसण्यापेक्षा वाईट.

## टप्पा ५: पिशवी

यावर लांबण लावत नाही. पाणी चालण्याच्या दर तासाला अर्धा लिटर, उन्हात पाऊण. वरच्या दिवसासाठी तीन लिटर, म्हणजे तीन किलो वजन. बेटावर पाणी मिळेल असं ऐकलं असलं तरी पहिल्या फेरीला तीन लिटर न्याच. घाम फार येत असेल तर नुसतं पाणी पीत राहू नका. ओआरएसचं एक पाकीट ठेवा.

बूट वापरून मुरलेले, तळाला खाचा असलेले. नवे बूट बेटावर पहिल्यांदा घालणं हा फोड आणण्याचा खात्रीचा मार्ग. बोटीत चढउतरताना पाय भिजणार असतील तर वेगळी चप्पल घ्या आणि मोजे कोरडे ठेवा. पट्टीची चिकटपट्टी हाताशी हवी: टाचेला गरम लागायला लागलं की त्याच क्षणी थांबून लावायची, फोड उठल्यावर नाही.

टोपी, सनस्क्रीन, पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट. समुद्रावरच्या वाऱ्यात ऊन जाणवत नाही आणि कोरडी वाळू साधारण १५ टक्के अतिनील किरणं खालून परत फेकते, म्हणून हनुवटीखाली आणि कानामागेही लावा, दर दोन तासांनी. शिट्टी, छोटी बॅटरी, पॉवर बँक, कागदी नकाशाची एक प्रत, सुटे पैसे, आणि वाऱ्यासाठी एक पातळ जाकीट. सगळं पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बांधून. दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत. खांद्याची एकपट्टी झोळी खडकांवर पुढे झुकते आणि तोल घालवते.

तपासा: फोन फ्लाइट मोडवर टाकून चालायचं ठरवलंत का? सिग्नल शोधत राहणारा फोन बॅटरी फार लवकर खातो. दर तासाला दोन मिनिटं चालू करा, निरोप टाका, पुन्हा बंद.

## टप्पा ६: उतरल्यावरची पहिली १५ मिनिटं

सगळे भराभरा निघून जातात. तुम्ही थांबा.

उतरतानाच खलाशाला विचारा: शेवटची किती वाजता, इथूनच का, भरली तर दुसरी येते का. आदल्या दिवशी विचारलं असलं तरी पुन्हा. धक्क्यावर वेळापत्रकाचा फलक असेल तर त्याचा फोटो घ्या, आणि फलकापेक्षा खलाशाच्या शब्दावर जास्त विश्वास ठेवा. जाता जाता "मी पूर्ण फेरी मारणार आहे, साडेचारच्या बोटीला येतो" एवढं बोलून ठेवा. एकटा आलेला माणूस लक्षात राहतो.

मग मागे वळून धक्क्याकडे बघा. परत येताना तो कसा दिसेल? त्याच्या मागे उंच झाड, मनोरा, टेकडीचा आकार असं काही हेरून ठेवा, कारण दुपारी तुम्ही दुसऱ्या बाजूने येणार आहात.

कोणी फार चौकशी केली, "एकटेच आलात का?", तर खरं सांगायची सक्ती नाही. "सोबतचे पुढच्या बोटीने येताहेत" म्हणा आणि चालू लागा.

तपासा: आता प्रत्यक्ष किती वाजलेत? बोट अर्धा तास उशिरा लागली असेल तर तो अर्धा तास शिलकीतून गेला. फेरी छोटी करायचा निर्णय इथे, धक्क्यावरच घ्या. पुढे गेल्यावर तो घेववत नाही.

## टप्पा ७: चालताना जमीन वाचा

पुळणीवर पाय ठेवण्याआधी वाळलेल्या समुद्री गवताची आणि कचऱ्याची रेघ शोधा. मागच्या भरतीचं पाणी तिथपर्यंत आलं होतं. तिच्या वर अजून एक जुनी, पार सुकलेली रेघ दिसली तर ती उधाणाची. आता या रेघेच्या आणि मागच्या कड्याच्या मध्ये कोरडी जागा आहे का ते बघा. जागाच नसेल, रेघ थेट कड्याला टेकत असेल, तर भरतीला ही पुळण नाहीशी होते. अशा ठिकाणी जेवायला बसत नाहीत.

वाळूत चालायचं तर ओल्या, घट्ट पट्ट्यावरून. कोरड्या मऊ वाळूतून शंभर पावलं गेलात तरी पिंढऱ्या सांगतात. चिखल दिसला तर काठी टोचून बघा. घोट्यापर्यंत पाय जायला लागला की आलात त्याच पावलांनी मागे. रुतलाच तर झटके देऊ नका. मागे रेला, वजन पसरा, पाय सावकाश हलवत मोकळा करा.

कातळावर रंग बघून पाऊल टाका. फिकट, कोरडा, खडबडीत दगड चांगला. पांढरे टोकदार कवचवाले जीव चिकटलेले असतात तिथे पकड मिळते, फक्त हात टेकला तर सोलवटतो. हिरवं, पातळ, केसासारखं शेवाळ टाळायचं. आणि भरतीरेषेच्या जवळ एक काळा पट्टा असतो, तो सगळ्यात कपटी: कोरडा असताना दगडच वाटतो, ओला झाला की साबण. कड्यांच्या माथ्यावरही गवत कडेपर्यंत असतं, पण खालची माती पोखरलेली असू शकते, म्हणून कडेपासून किमान दोन माणसांच्या उंचीइतकं आत राहा.

लाटांच्या जवळच्या खडकावर जायचंच असेल तर आधी दहा-पंधरा मिनिटं लांबून बघत बसा. लाटा सारख्या येत नाहीत. बराच वेळ लहान लाटा आणि मग तीन-चार मोठ्या एका पाठोपाठ, असा प्रकार असतो. खडकाचा कोरडा भाग कुठून सुरू होतो हे बघितलं की कुठपर्यंत जायचं ते कळतं.

इशारा: एकट्याने पोहू नका, आणि ओहोटीत उघड्या पडलेल्या गुहेत शिरू नका. परतीची बोट गाठायची असलेल्या दिवशी या दोन गोष्टींसाठी जागाच नाही.

उघड्या वाळूवर, गोट्यांमध्ये पक्ष्यांची अंडी असतात आणि ती अगदी दगडांसारखी दिसतात. डोक्यावर पक्षी ओरडत सूर मारायला लागले तर तुम्ही घरट्यात उभे आहात असं समजा. खाली बघत, आलात त्याच रेषेने बाहेर या. खासगी जमीन, शेतं, फाटकं: उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर मागे बंद करा.

## टप्पा ८: मध्यावरची तपासणी

फेरीचा मध्य नकाशावर आधीच खूण करून ठेवा आणि तिथे पोचायची कमाल वेळ लिहून ठेवा. आपल्या उदाहरणात ती १२:४५. त्या वेळी मध्य आला असेल तर पुढे. आला नसेल तर तीन पर्याय: मधली वाट कापून जाणं, आलात तसं परत फिरणं, किंवा पुढे रेटणं. तिसरा पर्याय खोडून टाका.

परत फिरायचं तर एक गोष्ट आधी बघा: ओहोटीचा तुकडा मागे राहिलाय, तो अजून उघडा आहे का? १२:४० ची ओहोटी, तुकडा पाऊण-एक किलोमीटर मागे, म्हणजे तुम्ही एकच्या सुमारास तिथे पोचून दीडपर्यंत बाहेर पडता. भरतीचा तो पहिला तास: आखणीत धरायचा नाही, पण अडचणीत चालेल. दोन वाजून गेले असतील तर तो रस्ता बंद समजा आणि मधल्या वाटेने धक्का गाठा.

इथेच अंगाचीही तपासणी. डोकं दुखतंय, मळमळतंय, पायात गोळे येताहेत, लघवी गडद होतेय? सावलीत बसा, पाणी आणि ओआरएस घ्या, वीस मिनिटांनी पुन्हा ठरवा. सोबत कोणी नसल्यामुळे "तू पांढराफटक दिसतोयस" असं सांगणारं कोणी नसतं.

## टप्पा ९: परत, आणि बोट चुकली तर

धक्का दिसायला लागला की माणूस रेंगाळतो. पाण्यापलीकडची अंतरं जवळ वाटतात. खाडीच्या पलीकडे दिसणारा धक्का चालत अर्धा-पाऊण तास असू शकतो. आधी धक्क्यावर जा, रांग कुठे लागते ते बघा, मग तिथेच काय फिरायचं ते फिरा. बोटीत बसल्यावर काठावरच्या माणसाला निरोप, आणि पलीकडे उतरल्यावर पुन्हा एक. हा दुसरा निरोप राहून जातो आणि विनाकारण शोध सुरू होतो.

वाटेतच जखमी झालात तर: पाण्यापासून वर, उघड्यावर, दिसेल अशा जागी जा. आधी फोन, तुमच्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी आपत्कालीन फोन दुसऱ्या उपलब्ध नेटवर्कवरून जाऊ शकतो. लागत नसेल तर थोडी उंची गाठून पुन्हा. शिट्टी मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. अंधारात हेच बॅटरीने.

शेवटची बोट डोळ्यांदेखत सुटली तर पुढचा क्रम असा. पहिला फोन काठावरच्या माणसाला, म्हणजे तो शोधपथकाला बोलावणार नाही. दुसरा बोटवाल्यांना, कधी एखादी मालाची किंवा कामगारांची फेरी उरलेली असते. तिसरं, धक्क्यावरच थांबून बेटावर राहणाऱ्या कोणालातरी सांगणं. सूर्य मावळायला किती वेळ आहे ते बघायचं तर हात लांब करून सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये आडवी बोटं धरा: एका बोटाला साधारण १५ मिनिटं. चार बोटं उरली असतील तर आसरा शोधायला तासभर आहे. अनोळखी मच्छीमार होडीने अंधारात, लाइफ जॅकेट न घालता सोडायला तयार असेल तरी नको म्हणा. रात्र बेटावर काढणं गैरसोयीचं आहे, पण पिशवीत जाकीट, बॅटरी आणि अर्धा लिटर पाणी उरलं असेल तर निभावतं. म्हणून ते शेवटचं अर्धा लिटर बोटीत बसेपर्यंत प्यायचं नाही.